वाकळीखालचं पावणं

आमच्या मंगळवार पेठेत डासांच्या अळ्या तपासायला एक बाई येतात. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी ‘पाणी झाकलंय का?’ असं विचारलं, की तिकडं रंकाळ्यावरच्या म्हशी माना हलवून ‘व्हय’ म्हणतात. चहा दिला तरी आधी कपात बॅटरी मारून बघतात.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोरीला डेंगी झाला आणि बाईंनी पिंपं उपडी करायचा धडाकाच लावला. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार नव्हतं आणि आमच्या घरात एवढं एकच पिंप भरलेलं. मी त्याला वाकळ पांघरली, वर टोपी चढवली आणि कोपऱ्यात बसवलं.

“कोण ते?” बाईंनी विचारलं.

“पावणं हाईत. ताप आलाय.”

ताप म्हटल्यावर बाई थांबतात होय! त्यांनी वाकळ ओढून बॅटरी मारली.

“पावण्यांच्या पोटात अळ्या वळवळत्यात की, दादा!”

पिंप अंगणात रिकामं झालं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की सांडलेलं पाणी जागच्या जागी वाळलं.

संध्याकाळी बाई परत आल्या, तेव्हा त्यांच्या कमरेवर भरलेली घागर होती. नळ तर त्यांच्या गल्लीतही येणार नव्हता.

“वहिनी, सैपाकाला घ्या,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “आन् दादा, पावण्यास्नी आतनं घासून आंघोळ घाला. टोपी नको, तोंडाला फडकं बांधा.”