नाकातली नळी आणि येसराची आमटी

लातूरच्या रुग्णालयातील पाचव्या दिवशी मी तिथल्या स्वयंपाकघराविरुद्ध अर्ज लिहिला. तीन प्रतींत. तळमजल्यावरच्या फोडणीचा वास थेट आमच्या खोलीच्या खिडकीतून येतो. ज्या रुग्णास पाण्याचा थेंबही वर्ज्य आहे, तिला दिवसातून दोनदा लसणाचा वास देणे ही क्रूरता असून, याबाबत लेखी खुलासा व्हावा, असा माझा आग्रह होता.

रुग्ण म्हणजे माझी पत्नी. ती माहेरी, रेणापूरला गेली असता तिच्या आतड्याला पीळ पडला. लातूरला आणून त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली, परंतु आतडे काही जागे होईना. नाकातून जठरात उतरलेली नळी, नळीच्या टोकाला पिशवी आणि पिशवीत हिरवट पाणी. रोज सकाळी डॉक्टरीणबाई तिच्या पोटावर स्टेथोस्कोप टेकवून ऐकत आणि विचारत, "वारा सरला का?" ती भिंतीकडे पाहून नकारार्थी मान हलवी. आणखी दोन दिवसांत वारा सरला नाही, म्हणजे आतडे हलले नाही, तर पोट पुन्हा उघडावे लागेल, असे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले. दुसऱ्यांदा भूल तिचे हृदय सोसेल याची हमी त्या देऊ शकत नव्हत्या.

माझी सारी हयात नांदेडच्या न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. कोणी जबाबदारी टाळतो आहे असा संशय आला की माझा आवाज चढतो. मी पिशवीकडे बोट दाखवून उलटतपासणीच सुरू केली. हिच्या पोटात पाच दिवसांत काही गेलेले नाही. मग हे पाणी येते कुठून?

त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी स्टूल ओढले आणि शांतपणे सांगितले की, हे पाणी शरीराचेच आहे. जठर आम्ल करते, यकृत पित्त करते, स्वादुपिंड आपला रस सोडते. दिवसाकाठी कित्येक लिटर. एरवी आतडे ते जवळजवळ सगळे परत शोषून घेते, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. घास जठरात पोहोचण्याआधीच, नुसत्या वासाने, मेंदूचा हुकूम एका लांब मज्जातंतूतून खाली जातो. पुढे आम्ल लहान आतड्यात उतरले की आतडे रक्तातून दोन निरोप धाडते: स्वादुपिंडाला, आम्ल मारणारा रस पाठव; जठराला, आता पुरे. सगळा कारभार एकाही स्मरणपत्राशिवाय चालतो. उभ्या आयुष्यात असे कार्यालय मी पाहिले नव्हते.

मग त्यांनी माझा अर्ज वाचला आणि विचारले, "काका, त्या वासानं काकूंच्या तोंडाला पाणी सुटतं का?"

मला ठाऊक नव्हते. मी पत्नीला विचारले.

"सुटतं की," ती म्हणाली. "म्हणून तर तोंड फिरवून पडते."

बाई हसल्या. तोंडाला पाणी सुटते म्हणजे वरचा हुकूम अजून निघतो आहे. त्याने आतड्यालाही कधीकधी चालना मिळते. खात्री नाही, पण अपायही नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि त्यांच्याशी जेवणाबद्दल बोला.

मी अर्ज मागे घेतला. बोलणे मात्र अर्जाहून अवघड होते. चव्वेचाळीस वर्षे मी ताटाशेजारी कागद ठेवून जेवलो. कुणाला तरी काढायच्या पत्राचा मसुदा डोक्यात, आणि घास तोंडात. आमटी चांगली झाली, असे एकदाही म्हटल्याचे मला आठवेना. शेवटी मी तिच्या उशाशी बसलो आणि येसराची, म्हणजे धान्यडाळी नि मसाले भाजून दळलेल्या पिठाची, आमटी कशी करतात ते क्रमवार सांगू लागलो. प्रथम तेलात लसूण कापून घालावा.

"कापून न्हाई, ठेचून," ती डोळे मिटूनच म्हणाली.

नंतर पाणी ओतावे. त्याला उकळी आली की येसर टाकावा.

"तसाच टाकला तर गोळे व्हतील की. आधी गार पाण्यात कालवायचा." तिने आवंढा गिळला. "आन् दगडफूल? ते कुठं गेलं? येसर भाजताना दगडफूल न्हाई घातलं तर त्याला काय वास येणार हाय?"

मी सुधारणा मान्य करत गेलो. कोरडे पडलेले तिचे ओठ ओले दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी शेंगदाण्याच्या चटणीत चुकलो, मग वरणफळांत. त्यातल्या काही चुका मी मुद्दाम केल्या, हे तिने ओळखले असावे.

"इतकी वर्षं ताटात काय पडत होतं ते तरी बघितलं का हो तुम्ही?" तिने विचारले.

"नाही बघितलं," मी म्हणालो. "चूक झाली."

तिने माझा हात धरून ठेवला, आणि खालून फोडणीचा वास येत राहिला. तेवढ्यात खोलीत एक लहानसा, पण निःसंदिग्ध आवाज झाला. तिने हात सोडवून चादर डोक्यावर ओढली. चव्वेचाळीस वर्षांत तिने माझ्यासमोर असे होऊ दिले नव्हते.

थोड्या वेळाने सिस्टर आली. "आजी, वारा सरला का?"

चादर हलली नाही. न्यायाधीशांसमोर उभा राहत असे तसा मी उठलो आणि स्पष्ट आवाजात सांगितले, "सरला. आत्ताच, माझ्या समक्ष."

चादरीखाली तिचे खांदे हलू लागले. रडते आहे असे वाटून मी वाकून चादर बाजूला केली. टाके दुखू नयेत म्हणून ती दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती.

"हळू बोला की," ती म्हणाली. "शेजारच्या खोलीत ऐकू जातंय."