इंदुरात, पन्नाशीच्या गटात

शिरपूरहून इंदूरची बस सकाळी सहाला निघाली. टपावर माझी सायकल बांधताना कंडक्टरने विचारलं, "सर, विकायला चालवली का?"

"शर्यतीला," मी म्हणालो.

"कोण, तुम्ही?" एवढं बोलून त्याने तिकीट फाडलं आणि तो पुढे सरकला.

प्रश्न रास्त होता. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पोहायला मी विहिरीत शिकलो, सायकल चालवायला शाळेच्या वाटेवर, आणि पळायला बैलामागे. हे तिन्ही एकापाठोपाठ केलं की त्याला ट्रायथलॉन म्हणतात, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर धावायचं. हौशी लोकांचे दर पाच वर्षांचे वयोगट असतात. पन्नास ते चौपन्नच्या गटात तीन तासांच्या आत येणाऱ्या पहिल्या दोघांना देशपातळीवरच्या शर्यतीत जागा मिळते. त्याखालच्या गटाला मात्र दोन तास पंचेचाळीस मिनिटांत यावं लागतं. म्हणून या मंडळींत म्हातारं होणं ही बढती समजली जाते. एकोणपन्नाशीचा माणूस पन्नाशीची अशी वाट पाहतो, जशी कारकून साहेब होण्याची.

मला ती बढती एक वर्ष आधीच मिळाली होती. मी बहिणीच्या मागे शाळेत जाऊन बसायचो. गुरुजींनी मला हाकललं नाही. दाखला नव्हता, वय कमी पडत होतं, तेव्हा त्यांनी रजिस्टरात एक जून ही तारीख लिहिली आणि मला एका वर्षाने मोठं केलं. त्या वर्षी शाळेत बसलो नसतो तर पुढच्या वर्षी शेळ्यांमागे गेलो असतो. त्यामुळे त्या तारखेबद्दल मी कधी तक्रार केली नाही. आता कागदावर मी पन्नास होतो, खरा एकोणपन्नास. आणि माझी सर्वांत चांगली वेळ दोन तास पंचावन्न मिनिटं होती.

शर्यत निवडण्यासाठी मी तीन महिने तक्ता केला होता. कोकणातली शर्यत लाटांमुळे बाद, सह्याद्रीतली चढामुळे, दक्षिणेतली उकाड्यामुळे. इंदूरच्या रकान्यात 'तलाव शांत, रस्ता सपाट, हवा थंड' असं होतं. मानपूरच्या घाटात बस कण्हत वर चढली, तेव्हा हा रस्ता शर्यतीत नाही म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

माझे यजमान मोघेसाहेब स्टँडवर न्यायला आले होते. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, चार पिढ्यांचे इंदूरकर, सायकलवाल्यांच्या ग्रुपवर ओळख झालेले. तेही माझ्याच गटात होते. घरी नेल्याबरोबर वहिनींनी पोहे पुढे केले, वर शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला).

"मी तर कमी खायचं ठरवलं होतं," मी म्हणालो.

"ते उद्या ठरवा," वहिनी म्हणाल्या. "हे पण असंच बोलतात. सायकल दीडशे ग्राम हलकी केली, पेट वैसाच आहे."

मोघेसाहेबांनी शेवेचा डबा शांतपणे आपल्याकडे ओढला.

दुपारी नावनोंदणीला गेलो. तिथे कळलं की माझ्यासारखाच तक्ता देशभरच्या हुशार लोकांनी केला होता. सोपा रस्ता शोधत सगळे इंदुरातच आले होते. आमच्या गटात चाळीस नावं होती. टेबलावरची मुलगी यादी तपासताना म्हणाली, "सर, इसमें आठ लोग एक जून और एक जुलाई के हैं। कोई मेला लगा था क्या?" इकडच्या शाळा एक जुलैला उघडत, म्हणून इकडच्या गुरुजींची तारीख ती.

मोघेसाहेब माझ्याकडे वळून हसले. "आमची उलटी केस आहे, भिया. आजोबांनी शाळेत दो साल कमी लिहवले. बोले, सरकारी नोकरी दोन वर्षं ज्यादा चलेल. चालते पण आहे. लेकिन मी छप्पनचा माणूस, कागदावर चौपन. ह्या पोरांबरोबर पळतो. आपल्या खऱ्या गटात असतो ना, तर पहिला आलो असतो."

त्या पोरांत मी होतो. संध्याकाळी त्यांनी आग्रहाने गराडू (तळून मसाला लावलेला कंद) खायला घातले. ते चांगले होते, पण मला जड गेले.

शर्यतीच्या सकाळी तलावावर धुकं होतं. पाण्यात उतरल्यावर 'हवा थंड' या शब्दांचा अर्थ माझ्या पायांना कळला. तक्त्यात गाळाचा रकाना नव्हता, तोही सापडला. सायकलीचा रस्ता देपालपूरच्या बाजूला होता, दोन्हीकडे गहू, खरोखर सपाट. फक्त तो मंडीचा दिवस होता. धान्याच्या ट्रॉल्या आपल्या चालीने चालल्या होत्या आणि हजारो रुपयांची चाकं लावलेले डॉक्टर, वकील त्यांच्यामागे रांगेत होते. एका ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, "इत्ती जल्दी कई है, बासाब?" घाई कसली, हे त्याला कळेना; मी ट्रॉलीच्या बाजूने वाट शोधत होतो.

धावताना शेवटच्या किलोमीटरला मोघेसाहेब दिसले. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "जा, जा, रुकू नका." मी गेलो. दोन तास चौपन्न मिनिटं. गटात दुसरा. ते चाळीस सेकंदांनी तिसरे.

जागा देण्याची पद्धत वेगळी आहे. जेवणानंतर हॉलमध्ये नाव तीनदा पुकारतात. उत्तर दिलं तर जागा तुमची, नाही तर ती खाली उतरते. आम्ही शेजारी बसलो होतो. मी त्यांना गुरुजींची गोष्ट सांगितली.

"म्हणजे तुम्ही एकोणपन्नास?"

"हो."

"तो क्या हुआ? आधारवर काय आहे?"

"पन्नास."

"मग बसा चुपचाप. कागद म्हणजे कागद."

पहिल्या जागेचा माणूस 'हाजिर' म्हणाला. मग माझं नाव आलं. "सोनवणे." "सोनवणे." मोघेसाहेबांनी कोपर मारलं. "अरे बोला ना." मला बोलता येत होतं. पण गुरुजींनी ती तारीख मला शाळेत बसवायला दिली होती, दुसऱ्याच्या जागेवर बसवायला नाही. तिसऱ्यांदा नाव आलं आणि गेलं.

"मोघे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते.

"मोघे." मी म्हणालो, "साहेब, उठा." ते दातांतून म्हणाले, "खैरात मध्ये नाही घेत मी. तुम्हाला मागे टाकून जिंकलो असतो तर घेतली असती."

"मोघे."

चौथं नाव इंदुरातल्याच भंवरकुआंला कोचिंग क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. त्यांना तीन तासांना फक्त दहा सेकंद कमी लागले होते. त्यांनी नाव पुरतं व्हायच्या आत "येस सर" म्हटलं, वर्गातल्या मुलासारखं. यादीत त्यांची जन्मतारीख पाहिली. एक जुलै.

रात्रीच्या जेवणात मोघेसाहेब माझ्याशी बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "दोघं एकमेकांना 'पहिले तुम्ही' करत राहिले, गाडी निघून गेली. तुम्हाला कोण ट्रायथलॉन खेळायला सांगतं? तुम्ही लग्नात पंगतीला वाढा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल टपावर चढवायला मदत केली, तेही न बोलता. बस मानपूरला चहाला थांबली तेव्हा त्यांचा फोन आला.

"सोनवणे सर, हिसाब लावला. पुढच्या साली कागदावर मी पंचावन. वरच्या गटात. आणि तुम्ही खरे पन्नास. आता कोणी कोणाच्या रस्त्यात नाही."

"म्हणजे आपण दोघांनी फक्त एक वर्ष म्हातारं व्हायचं."

"तेवढंच. पण ते चाळीस सेकंद मी विसरणार नाही, सांगून ठेवतो."

बस घाट उतरू लागली. शिरपूरला लोक विचारणार, काय मिळालं. सांगण्यासारखं काही नव्हतं. एक पन्नाशी मला कधीच मिळून गेली होती, रजिस्टरातल्या शाईने. दुसरी कमवायला अजून एक वर्ष होतं, आणि वेळही तीन मिनिटांनी कमी करायची होती, कारण मोघेसाहेब नसले तरी नवे एक जुलैवाले येणारच होते.