मोसम संपल्यावरचे परकारभाई

परकारभाईंना मॅच बघायची फारशी हौस नव्हती. बास्केटबॉलवर इतका जीव असलेला आणि मॅच रंगात आलेली असताना कोर्टाकडे पाठ करून पाण्याच्या बाटल्या भरत बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांचा मोसम सुरू व्हायचा तो खेळाचा मोसम संपल्यावर. अमेरिकेतली व्यावसायिक लीग उन्हाळ्यात आटोपली, करंडक कुणीतरी उचलला, की परकारभाई चष्मा पुसून बसायचे. कोणत्या टीमने कुणाला सोडलं, कोण कुणाच्या बदल्यात गेला, कुणाचा करार संपला आणि कुणी विचारलंच नाही, हे सगळं ते रोज वाचायचे. फोन हातात आला नव्हता तेव्हा विमानांतून उतरणारी परदेशी वर्तमानपत्रं आणायचे आणि खेळाच्या पानावर कोपऱ्यात बारीक टायपात छापलेली बदल्यांची यादी तेवढी वाचायचे.

"मॅच काय, कोण पन बघतो," ते म्हणायचे. "मोसम संपल्यावर मान्सं कुठं जातात ते बघावं. खरा खेळ तिथं हाय."

परकारभाई मुहर्रकला विमानतळाच्या कार्गो विभागात क्लार्क होते. मूळ दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, वाढले मुंबईत नागपाड्याला. बहारीनमधल्या परदेशी नोकरदारांची एक हौशी बास्केटबॉल लीग ते चालवत. आठ टीम, थंडीचे सहा महिने, दर शुक्रवारी दुपारनंतर मॅचेस. त्यांना पद असं काही कुणी दिलेलं नव्हतं, पण सगळे 'कमिशनर' म्हणायचे. मी पुण्याहून इथल्या एका बँकेत आलो होतो. माझ्या तोंडात पहिल्या दिवशी 'परकारभाई' बसलं ते कायमचं.

तो पहिला दिवस मला स्वच्छ आठवतो. जुफैरला आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर सिमेंटचं कोर्ट होतं. कॉलेजात थोडंफार खेळलेलो होतो, म्हणून चौकशीला गेलो. एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी हिंदी सोडली.

"व्हिसा कितीचा?"

"दोन वर्षांचा."

"कंपनी रिन्यू करते?"

"करते म्हणतात."

"इंशाल्ला म्हण. शिफ्ट हाय का?"

"नाही, सरळ आठ ते पाच."

त्यांनी ते सगळं वहीत लिहिलं. मी म्हटलं, "मी खेळतो कसा, ते नाही विचारलंत?"

"ते पहिल्या शुक्रवारी दिसंल. खराब खेळलास तरी राहशील ना? चांगला खेळून सहा महिन्यांत गेलास, तर मी काय करू?"

मी खराबच खेळलो. पण राहिलो. दोन मोसमांनी गुडघा दुखावला तेव्हा त्यांनी ती वही माझ्या हातात दिली आणि शेजारी दुसरी खुर्ची मांडली.

स्वतःच्या खेळाबद्दल ते एकदाच बोलले. नागपाड्याच्या मैदानावर ते लहानपणापासून खेळत होते आणि तेविसाव्या वर्षी एका कंपनीच्या टीमने त्यांना निवडलं होतं. खेळाडू म्हणून नोकरी, वर पगार. त्याच आठवड्यात चुलत्यांनी बहारीनहून व्हिसा पाठवला. वडील नुकतेच गेलेले, पाठीवर दोन बहिणी. "नोकरीचं पत्र तीन महिन्यांनी येनार होतं," ते म्हणाले, "आनि व्हिसा आठ दिवसांत संपनार होता." मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "वाटलं असंल. कामावर लागलो नि खलास." त्यानंतर हातात चेंडू घेऊन बास्केटकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चेंडू आला तर ते पायाने परतवायचे.

आमच्या लीगचे दोन भाग होते, अमेरिकेसारखे पूर्व आणि पश्चिम. पूर्वेला मुहर्रक, हिद्द, जुफैर. पश्चिमेला जनाबिया आणि त्या बाजूचे कंपाउंड. पूर्वेकडे विमानतळावरचे लोडर, दुकानांतले सेल्समन, माझ्यासारखे बँकेतले. पश्चिमेकडे उंचेपुरे युरोपी इंजिनिअर, शाळांचे शिक्षक, ज्यांच्या कंपाउंडात एसी जिम होतं आणि रोज संध्याकाळी सरावाला वेळ होता. प्रत्येक भागातून दोन टीम पुढे जायच्या आणि प्रत्येक वर्षी पूर्वेच्या दोन्ही घरी यायच्या. पश्चिमेतली तिसरी टीमसुद्धा आमच्या पहिलीला सहज हरवायची, पण ती बाहेर राहायची. परकारभाईंना हे दोन्ही बाजूंनी टोचायचं. मोसमाआधीच्या बैठकीत त्यांनी मांडलं की नव्याने आलेला खेळाडू कुठेही राहत असो, त्याला घ्यायचा पहिला हक्क मागच्या वर्षीच्या सर्वांत दुबळ्या टीमचा.

जनाबियाचा कप्तान, एक धिप्पाड ब्रिटिश इंजिनिअर, म्हणाला की माणसाने आपल्या शेजाऱ्यांबरोबर खेळावं, हे साधं आहे. परकारभाईंचं इंग्रजी तुटकं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, तुम्ही दरवर्षी जिंकता, पण मागच्या फायनलला बघायला किती माणसं होती? माणसं नव्हतीच. त्या वर्षी नियम झाला.

ह्या नियमाने पूर्वेला हळूहळू बळ आलं, आणि त्यात सर्वांत चांगला निघाला तो जून. फिलिपिनो पोरगा, विमानतळावर सामान चढवायचा, उंची बेताची, पण चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा. परकारभाईंचा त्याच्यावर फार जीव. ईदला तो त्यांच्या खोलीवर जेवायला असायचा. परकारभाई स्वतः बिर्याणी करायचे आणि त्याच्या ताटात आधी वाढायचे. जूनमुळे मुहर्रकची टीम एकदा फायनलला पोचली आणि दोन गुणांनी हरली. पुढच्या वर्षी नक्की, असं सगळे म्हणत होते.

पुढच्या उन्हाळ्यात जनाबियाच्या त्या कप्तानाने जूनला कंपाउंडच्या जिममध्ये नोकरी देऊ केली. राहायला खोली, बायकोला आणता येईल असा व्हिसा, उन्हात ओझी उचलणं बंद. अर्थात त्याने त्यांच्याच टीमकडून खेळायचं. जूनचं आठवडाभर काही ठरेना. शेवटी परकारभाईंनीच त्याला बोलावलं. मी तिथे होतो.

"तेरी बीवी कितने साल से अकेली है?" त्यांनी विचारलं.

"चार साल, कमिशनर."

"फिर सोचता क्या है? यल्ला, जा."

व्हिसा बदलायला जुन्या कंपनीचं पत्र लागत होतं. त्यासाठी परकारभाई स्वतः तीन दुपारी साहेबांच्या केबिनबाहेर बसले. मुहर्रकच्या टीममधला शाजी नावाचा मल्याळी लोडर माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "भाई, आपने हमारा हाथ काट के उनको दे दिया." परकारभाईंनी वही उघडली. शाजी गेल्यावर मला म्हणाले, "त्याचंही बरोबर हाय." आणि वहीत जूनचं नाव एका पानावरून खोडून दुसऱ्या पानावर लिहिलं.

दोन वर्षांनी जुफैरचा प्लॉट विकला गेला. तिथे टॉवर होणार होता. लीगला जागा हवी होती. जनाबियाच्या लोकांनी आपलं जिम फुकट देऊ केलं. दुसरा पर्याय मुहर्रकच्या एका शाळेचं उघडं कोर्ट, पण ते महिन्यातून दोनच शुक्रवार मिळणार. पश्चिमेच्या टीमनी स्पष्ट सांगितलं की शाळेच्या कोर्टावर ते येणार नाहीत, स्वतःची वेगळी लीग काढतील. इकडे पूर्वेच्या पोरांकडे गाड्या नव्हत्या. मुहर्रकहून जनाबियाला बसने जायचं तर शुक्रवारची अर्धी दुपार रस्त्यात, आणि शिफ्टवरून आलेल्या माणसाला ते शक्यच नाही. मतं पडली, चाराला चार. निर्णय कमिशनरचा.

त्यांनी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत मला ते सारखे अमेरिकेतल्या एका पावसाळी शहराची गोष्ट सांगत. तिथली चाळीस वर्षांची टीम मालकाने उचलून दुसऱ्या शहरात नेली होती. नाव आणि रंग मात्र जुन्या शहराकडे राहिले. "झेंडा ठेवला नि पोरं नेली," ते म्हणायचे. "ती मान्सं अजून वाट बघतायत. नवी टीम येईल म्हनतात, दर उन्हाळ्यात म्हनतात." हे ते इतक्या कळवळ्याने सांगायचे की मी धरून चाललो, आपलं कोर्ट मुहर्रकलाच राहणार. पूर्वेचे सगळे तसंच समजून होते.

परकारभाईंनी जनाबियाला मत दिलं.

बैठकीत शाजी उठून बाहेर गेला. मीही रागावलो होतो. गाडीत बसल्यावर म्हटलं, "असं कसं केलंत? ही आपली माणसं होती."

"होती नाय, हायत," ते म्हणाले. "लीग फुटली तर आपन चार टीम महिन्यात दोनदा खेळनार. एक वर्ष. मग एक सुट्टीवर जाईल, दुसऱ्याचा व्हिसा संपंल, नि मफी. काहीच नाय उरनार. लांब गेलेलं बरं. लांब जाता येतं."

"जाणार कसे?"

"ते माझं काम."

ते काम त्यांनी पुढचे तीन मोसम केलं. त्यांच्याकडे जुनी सात सीटची गाडी होती. शुक्रवारची नमाज झाली, दोन घास खाल्ले, की सहा जणांना घेऊन जनाबियाला जायचं, उतरवायचं, परत मुहर्रकला यायचं, उरलेल्यांना घ्यायचं, पुन्हा जनाबिया. मॅचनंतर तेच उलट. दुसऱ्या फेरीची पोरं पोचायची तेव्हा पहिला हाफ संपलेला असायचा. मी माझी गाडी काढायला लागलो, पण ते दोन आठवड्यांपुरतं. तिसऱ्या आठवड्यात मी काही कारण सांगितलं. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

कंपाउंडच्या फाटकावर गार्ड सगळ्यांचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, तपासायचा. गाडीवाले ओळखीचे म्हणून हात दाखवून आत जायचे. आमच्या लोडर पोरांना बाजूला उभं करायचा आणि आत फोन लावायचा. परकारभाईंकडे कायमचा पास होता. तो खिशात ठेवून ते पोरांबरोबर रांगेत उभे राहायचे. एकदा जनाबियाच्या कप्तानाने ते पाहिलं. काही न बोलता तो आपली गाडी बाजूला लावून आला आणि त्यांच्या मागे, रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुढच्या शुक्रवारी फाटकावर पूर्वेच्या सगळ्यांची यादी लागलेली होती. त्याच महिन्यात शाजी परत खेळायला आला. तो परकारभाईंच्या शेजारच्या सीटवर बसायचा. वाटेत दोघं बोलत नसत, पण बसायचा तिथेच.

साठी झाल्यावर कंपनीने त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. छत्तीस वर्षं झाली होती. निरोपसमारंभ करायचा आम्ही ठरवलं, पण त्यांना जुलैत निघायचं होतं आणि जुलैत इथे कोण असतं? शाजी केरळला, कप्तान इंग्लंडला, माझी बायको-मुलगी पुण्याला. निघायच्या सकाळी मी आणि जून असे दोघंच होतो. ज्या विमानतळावर त्यांनी छत्तीस वर्षं सामानाचे कागद केले, तिथे त्यांचं स्वतःचं सामान दोन बॅगा आणि एक दोरीने बांधलेलं खोकं. जूनने ते खोकं त्यांना उचलू दिलं नाही. त्याचा लहान मुलगा बरोबर होता, इथेच जन्मलेला. परकारभाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "बायको आली म्हनून हा झाला. बरं केलं ना आपन?" मी हो म्हटलं. ते आत गेले.

दीड वर्षाने त्यांच्या मुलीचा फोनवर मेसेज आला. बाबा सकाळी गेले, झोपेतच.

डिसेंबरच्या सुट्टीत मी पुण्याहून गाडी करून त्यांच्या गावी गेलो. चिऱ्याचं घर, पुढे ओटी, मागे खाडी. त्यांच्या पत्नी पांढरा दुपट्टा घेऊन ओटीवर बसल्या होत्या. मी बहारीनहून आलो म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली.

"तुमी त्यांच्याबरोबर ऑफिसात होतात?"

"नाही भाभी. लीगमध्ये. बास्केटबॉलच्या."

त्यांना शब्द कळला नाही. मुलीने सांगितलं तरी नीट कळला नाही. परकारभाईंनी घरी कधी विषयच काढलेला नव्हता. सुट्टीवर आले की छप्पर शाकारायचं, बहिणींकडे जायचं, पोरांच्या शाळा. महिना कधी संपायचा कळायचंच नाही, त्या म्हणाल्या.

"तिकडं त्याना मान्सं ओळखायची?"

"सगळे ओळखायचे. कमिशनर म्हणायचे त्यांना."

त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. "हितं आले की गप बसायचे. मला वाटायचं, मानूसच गप हाय." मग विचारलं, "तुमी किती वर्षं होतात संगती?"

"अकरा."

त्या बोटांवर काहीतरी जुळवत राहिल्या. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "पन सगळ्या सुट्ट्या एकत्र केल्या, नि ह्ये शेवटचं दीड वरीस धरलं, तरी माझी पाच नाय भरत." आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मुलीला आत जेवणाचं बघायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "जेवून जा, भाऊ. आनि आता सांगा. पयल्यापासून सांगा."

खेळच माहीत नसल्याने मला तिथून सुरुवात करावी लागली. म्हटलं, दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूला पाच माणसं.

"आनि ह्ये कुठल्या बाजूला असायचे?"

मी त्यांना जनाबियाच्या मताची हकिगत सांगायला घेतली.