अडुळशाची सुट्टी

"कुणासाठी?" रोप मागायला आलेल्याला चाचा आधी हेच विचारायचे. शोभेसाठी म्हटलं, तर म्हणायचे, "मग प्लास्टिकचं घ्या. पाणीही घालावं लागत नाही."

स्वारगेटच्या मागे त्यांची नर्सरी. मी मंडईतला हातगाडीवाला, त्यांची रोपं घरोघर पोचवायचो. शिक्षण चौथी, तेव्हा आठवतं तसं लिहितो.

फांदी लावताना चाचा बुंध्याशी तोंड नेऊन आजारी माणसाचं नाव सांगत. झाडाला कान कुठे असतात, ते मला विचारू नका. मग ते झाड त्याच नावाचं. ज्याच्या दारात जागा नसे, त्याचं झाड नर्सरीतच राही आणि पानं तेवढी मी पोचवायचो. निर्गुंडी म्हणजे 'मास्तरीणबाईंचे गुडघे', जास्वंद म्हणजे 'सोनारणीचे केस'.

एकदा सकाळी पाणी घालताना ते निर्गुंडीपाशी थांबले. पानं कुरवाळून म्हणाले, "आज तुला सुट्टी." दुपारी मी मास्तरीणबाईंच्या गल्लीत गेलो, तर त्यांच्या दारात तिरडी बांधत होते.

"चाचा, तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळतंय? तेच पान देईना. हात लावला की मागे ओढतं."

थट्टा वाटली. पण तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हापासून मी सकाळी तिथं जाणंच सोडलं.

कारण आमच्या हिला दमा होता. चाचांनी तिचं नाव सांगून दिलेला अडुळसा आमच्या दारात होता. पांढऱ्या फुलांनी शोभायचाही. ही रोज त्याची सात पानं नखानं खुडायची आणि काढा करायची. मी चाचांना स्पष्ट बजावलं, "त्या झाडाला काही बोललात, तर गाडी अंगावर घालीन."

हसले. "अहो, तुमच्या दारातलं झाड. त्याला सुट्टी द्यायची तर तुम्हीच द्याल."

पुढे चाचाच गेले. त्यांची सून सांगते, त्या सकाळी ते कुठल्याच झाडापाशी थांबले नाहीत. नळ बंद केला, स्वतःलाच म्हणाले, "आज तुला सुट्टी," आणि बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

यंदा ही गेली. काढ्याचं पातेलं तेव्हापासून पालथं आहे. पण रोज सकाळी अडुळशाची सात पानं खुडलेली असतात. देठाशी नखाची खूण, ओली. शेजारी म्हणतात शेळी असेल. शेळी काय मोजून खाते?

मुलगी म्हणते, "बाबा, काढून टाका ते झाड."

काढायची गरज नाही. तीन शब्दांचं काम आहे, मला ठाऊक आहे. रोज बुंध्याशी वाकतो. तोंड उघडतो. "पाणी पी," एवढंच म्हणतो आणि घरात येतो.