टूलरूमकाकांचा ठोक्या

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळपासून बाल्कनीत एक फळा टांगायचं काम काढलं आहे. प्लायवूडचा, चार बाय तीन फुटांचा, पांढरा रंग दिलेला आणि चांगलाच जड. पुढच्या रविवारी सोसायटीमागच्या भाजीच्या पट्टीला कुंपण घालायचंय, त्यासाठी हत्यारं एका जागी लागली पाहिजेत. तीस तारखेपर्यंत कुंपण उभं राहिलं नाही तर पट्टी व्हिजिटर पार्किंगला जाईल, असं कमिटीने मीटिंगमध्ये लिहून घेतलं आहे. फळा टूलरूमकाकांचा. ते ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या मुलीने, माधवीने, घर आवरताना फळा आणि हत्यारांची पेटी माझ्याकडे पाठवली. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आज सुलटा केला.

टूलरूमकाका मागितलेलं हत्यार कधीच देत नसत. दिल्लीच्या द्वारकेत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात हातोडी मागायला गेले होते. नेमप्लेट मराठी होती म्हणून धीर केला. दारात एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे राहिले.

"काम काय आहे?"

"हातोडी हवी होती."

"ते हत्याराचं नाव झालं. काम सांगा."

काम भिंतीवर घड्याळ लावायचं होतं. "मग हातोडी कशाला? या भिंतीत खिळा मारलात तर खिळा वाकेल, प्लास्टर पडेल आणि घड्याळ तुमच्या डोक्यात पडेल. चला." ते ड्रिल घेऊन आले. एका हाताने भोक पाडताना दुसऱ्या हाताने खाली वर्तमानपत्र धरून पूड झेलली. चहा नको म्हणाले आणि गेले. मला राग आला होता. पण ते घड्याळ अजून सरळ आहे.

फरिदाबादच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची अख्खी नोकरी झाली. कारखान्याला लागणारे साचे, पकडी, मापं तिथे बनत, म्हणून सोसायटीत त्यांना हे नाव पडलं. पुण्याहून नव्याने आलेली मंडळी त्यांना विचारत, "काका, मूळचे कुठले?" ते सांगत, "मूळचा करोलबागचा." समोरचा हसे. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. वडील सरकारी नोकरीत दिल्लीला आले, हे तिथेच जन्मले, तिथेच शिकले. मराठी घरातली, हत्यारांची नावं हिंदी, आणि शिव्या द्यायची वेळ आलीच तर पंजाबी.

त्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. टोक पसरट, चपटं झालेलं. नवी नोकरी असताना स्वतःच्याच हातून तो अंगठा व्हाइसच्या पोलादी जबड्यात सापडला होता. कुणी हळहळ व्यक्त केली की म्हणत, "स्टोअरमध्ये सगळं मिळायचं. स्लिप भरली की कानस मिळे, ड्रिल मिळे. बोट मिळत नसे." आमच्यापैकी कुणी चाकूने डबा उघडायला लागलं की ते नुसता तो अंगठा वर करून दाखवत. माझा नवरा, अविनाश, या खुणेला 'काकांचं थम्सअप' म्हणायचा. त्यांनाही ते आवडत असावं, कारण पुढे पुढे ते फोटोतही तसाच अंगठा करायला लागले.

हा फळा म्हणजे त्यांची टूलरूम. प्रत्येक हत्यार फळ्यावर ठेवून त्याच्याभोवती काळ्या पेन्सिलीने रेघ मारलेली. पान्ह्याच्या जागी पान्ह्याचा आकार, करवतीच्या जागी करवतीचा. संध्याकाळी एका नजरेत कळे की काय जागेवर नाही. मी एकदा म्हटलं, "तीन जागा रिकाम्या आहेत, लोक परत करत नाहीत वाटतं." तर म्हणाले, "रिकामी जागा म्हणजे काम चालू आहे. काळजी करायची नाही, विचारायचं." आणि या रेघा खऱ्या ठेवायचा त्यांचा हट्ट होता. स्क्रू ड्रायव्हर घासून आखूड झाला तर त्याच दिवशी जुनी रेघ खोडून नवी मारत. छिन्नीला धार लावली, ती जरा झिजली, की पुन्हा रेघ. मला हे अति वाटे. मी नोएडात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आमच्याकडची कागदपत्रं खरी ठेवायला पाच माणसं लागतात, तरी ती खरी नसतात.

सोसायटीमागे आमच्याच मालकीची एक लांब पट्टी पडून होती. तिथे पालक-मेथी लावायचं काकांनी मनावर घेतलं. मोकाट गुरांमुळे कुंपण आवश्यक होतं. आमचे सेक्रेटरी खुराना साहेब भंगारवाल्याकडून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घेऊन आले आणि खांब म्हणून उभे करा म्हणाले. ते साल जातीचं लाकूड. पन्नास वर्षं रुळांखाली तेल पिऊन दगड झालेलं. त्यावर तार बसवायला यू-खिळे आणले, दोन टोकांचे, इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले. ते हातात धरून ठोकायला गेलं की एक पाय आत जाई, दुसरा वाकडा होई, आणि हातोडी बोटावर येई. पहिल्या सकाळी सहा खिळे लागले आणि चार जणांची बोटं सुजली. काका बाजूला उभे होते. म्हणाले, "थांबा. चार दिवस द्या."

चार दिवसांनी ते एक लोखंडी दांडका घेऊन आले. मनगटाएवढा जाड, वीतभराहून थोडा लांब. वरचं डोकं हातोडीचा मार खायला गोल केलेलं. खालच्या तोंडाला एक खाच, खाचेत चुंबक. यू-खिळा त्या खाचेत चिकटून बसे, बोटाने धरावा लागत नसे. आधी लाकडात बारीक भोकं पाडायची, दांडका टेकवायचा, वरून दणके द्यायचे. दोन्ही पाय सरळ आत. सोसायटीतल्या मुलींनी त्याचं नाव ठोक्या ठेवलं. काकांना हत्याराला नाव देणं पसंत नव्हतं, पण आठवड्याभरात तेही ठोक्याच म्हणायला लागले.

ठोकण्याआधी खिळ्याच्या पायांना साबण लावायचा, म्हणजे ते कडक लाकडात सरकतात. त्यासाठी काकांना अंघोळीच्या साबणाचे उरलेले तुकडे लागत. सगळ्या मजल्यांवरच्या बायका डबीत जमवून पाठवत. ते वास घेऊन ओळखत. "हा तुमचा चंदनाचा. खिळ्याला चालतो. तिसऱ्या मजल्यावरचा नको, त्याला फार फेस येतो."

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी माधवीच्या ऑपरेशनसाठी काका महिनाभर पुण्याला गेले होते. इकडे पट्टी वाढवली, अकरा खांब नवे आले. ठोक्या माझ्या ताब्यात. मी ठोकायला घेतलं तर प्रत्येक खिळा शेवटी थोडा वर राही, तार त्यातून हलायची. खुराना साहेब येऊन तार हलवून म्हणाले, "मॅडम, कीलें ढीली रह गई हैं।" मला अर्धवट काम खपत नाही. ठोक्या उलटा करून पाहिला. खाचेच्या दोन्ही बाजूंना नखाएवढे दोन पाय पुढे आले होते, ते लाकडाला आधी टेकत आणि खिळा तिथेच थांबे. बनवताना राहून गेलं असणार, असं मी ठरवलं. उत्तमनगरला एका वेल्डरकडे नेलं आणि सांगितलं, ग्राइंडर मारून हे उडवा. पाच मिनिटांत उडवले. त्यानंतर एकूण एक खिळा सपाट बसला. तार खांबाला चेपून घट्ट. खुराना साहेब खूश, मी खूश.

काका परत आल्यावर मी ठोक्या परत द्यायला गेले. "काम झालं. आणि तुमच्या हत्यारातली एक चूकही काढली," असं सांगितलं. त्यांनी चपटा अंगठा ठोक्याच्या तोंडावरून फिरवला.

"अच्छा," म्हणाले, आणि तो आत नेऊन ठेवला. मग माझ्या ऑफिसचं विचारलं.

जानेवारीत एका सकाळी मोठा काळा सांड कुंपणाला अंग घासत रेलला. काकांनी लावलेल्या भागात तार सगळ्या खांबांवरून सरकली, ताणली, सांड बाजूला झाल्यावर परत जागेवर आली. माझ्या अकरा खांबांपाशी ती सरकू शकली नाही. थंडीने आधीच आखडलेली, खिळ्यांखाली चेपलेली. पाच ठिकाणी तुटली. पालक गेला, मेथी गेली, मुळ्याचे नुसते शेंडे उरले. कमिटीत पार्किंगचा विषय पहिल्यांदा निघाला तो त्या दिवशी.

मी काकांना घेऊन तुटलेल्या तारेपाशी उभी राहिले.

"ते पाय मुद्दाम होते," मी म्हटलं.

"बिल्कुल."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, मॅनेजरबाई. पटलं नसतं." मग म्हणाले, "आणि मलाही बघायचं होतं. तुमचं बरोबर निघालं असतं तर मला माझं हत्यार बदलावं लागलं असतं."

खिळ्याने तार फक्त जागेवर राखायची असते, आवळायची नसते, हे मग त्यांनी मला पालकाच्या वाफ्यात बसून समजावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

ठोक्याला पाय परत बसवायचे ठरले. पण त्या थंडीत काकांचा हात थरथरायला लागला होता. कप बशीवर वाजे. थरथरत्या हाताने वेल्डिंगला ते तयार नव्हते आणि दुसऱ्याला काय सांगायचं ते आधी नीट ठरवू म्हणाले. उन्हाळ्यात बघू. तोवर त्या अकरा खांबांवर आम्ही जोडलेली तार बारीक तारेने बांधून ठेवली. उन्हाळा त्यांचा हॉस्पिटलात गेला. तिथेही नर्सने सलाइनचा स्टँड हलतोय म्हणून टेप मागितली तर त्यांनी विचारलं, "टेप का? काम काय आहे?" आणि स्टँडच्या चाकाखाली कार्डबोर्डची घडी घालायला लावली. ऑगस्टमध्ये, झोपेत, गेले.

सप्टेंबरच्या शेवटी पट्टीखालून पाण्याचा पाइप गेला. ठेकेदाराने सगळे खांब उपटले, तार कापली, जुने खिळे कटावणीने काढून फेकले. खांब परत रोवून मिळाले, पण उघडेबोडके. अविनाश म्हणाला, "फेन्सिंगवाल्याला बोलाव, एका दिवसात करेल." फेन्सिंगवाला येऊन गेला. स्लीपरवर नख मारून पाहिलं आणि म्हणाला, लोखंडी खांब घ्या, नाहीतर राहू द्या. म्हणजे आता आम्हीच. पुढच्या रविवारी दहा-बारा जण येणार आहेत, दोनशेच्या वर खिळे आहेत. अंदाजाने थांबत ठोकायचं तर चार खिळे नीट बसतील. पुढे हात दमतो, आणि दमलेला हात शेवटचा दणका देतोच. ठोक्याला पाय हवेतच. ते किती उंच होते, हे मला आठवत नव्हतं. ज्यांच्यावरून मापता आलं असतं ते काकांचे खिळे भंगारात गेले. दोन रात्री मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून अंदाज बांधत होते.

तर आज फळा टांगला. पेटी उघडून एकेक हत्यार त्याच्या रेघेत लावत गेले. पान्हे, पकड, कानशी. बरोबर बसत होती, कारण रेघा कालपरवा मारल्यासारख्या खऱ्या होत्या. शेवटी ठोक्या टांगला.

तो रेघेत बसला नाही. बाजू बसल्या, डोकं बसलं. खाली तोंडापाशी मात्र दोन्ही अंगांना नखाएवढी जागा रिकामी राहिली. दोन छोटे पाय, पेन्सिलीने स्वच्छ काढलेले.

छिन्नी केसभर झिजली तरी रेघ बदलणाऱ्या माणसाने शेवटपर्यंत ही एक रेघ तशीच ठेवली होती. रोज संध्याकाळी समोर दिसत असणार.

मी स्टुलावरून उतरले, हात धुतले आणि वरणाला फोडणी दिली. जेवणानंतर फळ्यावर पातळ कागद धरून ती रेघ उतरवून घेतली, पट्टीने दोनदा मोजली. ठोक्याच्या खाचेतला चुंबक काढून रुमालात बांधला. वेल्डिंगच्या उष्णतेत चुंबकाची ओढ जाते, हे काकांनीच सांगितलं होतं. आता झोपते.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी पहिल्या मेट्रोने उत्तमनगरला गेले. वेल्डर शटर वर करत होता. त्याने मला ओळखलं नाही, ठोक्याला ओळखलं.

"ये तो मैंने ही घिसा था।"

"हाँ। मैंने ही कहा था।"

"अब क्या लगाना है? लाइए, पाँच मिनट का काम है।" त्याने हात पुढे केला.

मी ठोक्या दिला नाही. त्याच्या बाकावरचे तुकडे बाजूला सारून कागद पसरला आणि स्टूल ओढून बसले.

"पहले काम सुन लीजिए," मी म्हटलं, आणि सांडापासून सुरुवात केली.