लपवलेली आकडी

एमआरआय विभागात तिला सगळे ताईच म्हणत. अठरा वर्षं ती ते मशीन चालवत होती. पडद्यावर काहीही दिसो, चेहरा कोरा ठेवायचा. बोलायचं ते डॉक्टरांनी.

त्या सकाळी मशीनमध्ये तिच्या धाकट्या बहिणीचा सात महिन्यांचा मुलगा होता. दिवसाला दहा-दहा आकड्या येत होत्या त्याला. पहिलं चित्र उमटलं आणि ताईचा हात थबकला. मेंदूवर अक्रोडासारख्या घड्या हव्यात. इथे सगळं सपाट.

ताई बाहेर येताच बहिणीने तिचं मनगट धरलं. "हा पोटात असताना मी जिन्यावरून पडले होते. त्यानेच झालं ना?"

"डॉक्टर सांगतील," एवढंच ताई बोलली.

डॉक्टरांच्या खोलीत आईही होती आणि सगळ्यांना गाडीतून घेऊन आलेला ताईचा नवराही.

"पडण्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "गर्भात पेशी आतून वर सरकतात, त्यातून मेंदूचं बाहेरचं आवरण बनतं. एका जनुकात बिघाड असला की त्या वाटेतच अडकतात. तो आईकडून येऊ शकतो. मुलग्यांना जबर फटका बसतो. बायकांना कधी नुसत्या आकड्या, कधी त्याही नाहीत. घरात कुणाला आकडी?"

"कुणालाच नाही," आई फटकन म्हणाली.

बहिणीला पुन्हा तिसरा महिना लागला होता. ताईने आईकडे न बघता सांगितलं,

"मला आलीय. लहानपणी, दोनदा."

आईने डोळे वटारले. लग्न मोडेल या धाकाने तिनेच पोरीच्या तोंडाला कुलूप लावलं होतं.

"पंधरा वर्षांच्या संसारात एका शब्दाने बोलली नाहीस?" नवरा म्हणाला.

"नाही बोलले. चुकलंच माझं."

दुपारी ताई स्वतः त्या मशीनमध्ये आडवी झाली. सोबतची तंत्रज्ञ नंतर इतकं बेतून हसली की ताई काय ते समजली, तिने काही विचारलंच नाही. रक्ततपासणीत आई, ताई, बहीण, तिघींत तोच बिघाड निघाला.

मग बहिणीच्या गर्भाभोवतीचं पाणी तपासायला गेलं. त्या दिवसांत बहीण आईशी एक अक्षर बोलली नाही. फोन आला तेव्हा ती घेईचना, ताईने घेतला.

"बाळात बिघाड नाही," पलीकडून आवाज आला. ऐकून बहीण जमिनीवरच बसली आणि मोठ्याने रडली.

मुलाच्या आकड्या औषधांनी दोन-तीनवर आल्या. मान मात्र अजून धरत नाही.

नवरा कित्येक दिवस कामापुरतंच बोलायचा. एकदा चहा घेता घेता म्हणाला, "पुन्हा आकडी आलीच तुला, तर मी काय करायचं?"

"कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. आणि किती वेळ चालते ते घड्याळात बघा."

त्याने कागद-पेन घेतलं. "हळू सांग," तो म्हणाला.