आभारबाईंचं व्याख्यान

इंजिनिअरांच्या क्लबात सगळे त्यांना पाठीमागे ‘आभारबाई’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. खरं तर त्या माती तपासणाऱ्या. बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली. कुठे शाळा, पूल, टाकी उभी राहायची म्हटली की तिथली माती पिशवीत भरून त्यांच्या टेबलावर यायची. बाई ती वाळवायच्या, चाळायच्या, साच्यात ठोकायच्या आणि ती जमीन किती भार पेलेल ते लिहून द्यायच्या. नखांतली तांबूस रेघ लग्नकार्यातसुद्धा जायची नाही.

क्लब म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा लांबट हॉल, पन्नास खुर्च्या आणि मध्येच निळा पडणारा प्रोजेक्टर. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला सभा. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त, मग पाहुण्यांचं व्याख्यान, मग प्रश्न, आभार आणि चहा. लोक खरे यायचे ते चहाला. व्याख्यान त्यांना वाटेत लागायचं.

बाई सव्विसाव्या वर्षी सभासद झाल्या, तेव्हा त्या क्लबात एकट्याच बाईमाणूस होत्या. पहिल्याच सभेत सेक्रेटरींनी हातात चिठ्ठी दिली. “आभार तुम्ही माना. बरं दिसतं.” त्या उठल्या, चार वाक्यं बोलल्या, टाळ्या पडल्या, आणि ते काम गळ्यात पडलं ते पडलंच. सेक्रेटरी बदलले, अध्यक्ष तीनदा बदलले, आभार तेवढे त्यांच्याकडेच राहिले.

तेही त्यांनी मन लावून केलं. व्याख्यान शेवटपर्यंत ऐकणाऱ्या बहुधा त्या एकट्याच असत. एकदा क्रेनवर बोलायला आलेले पाहुणे चहा पिता पिता म्हणाले, “मी तासभर काय बोललो ते मला तुमच्या आभारातून कळलं.” बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त नकाशाकार, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, “मग पाहुण्यांना घरी बसवा आणि तूच बोल की!”

तो गमतीत म्हणाला, पण बाईंच्या डोक्यात ते बसलं. कारण त्यांच्याकडे बोलण्यासारखं एक होतं.

शहराच्या वरच्या अंगाला एक जुनी दगडखाण बुजवून तिथे घरांच्या रांगा बांधल्या होत्या. त्या जागेचे नमुने बाईंच्याच टेबलावर आले होते. ती माती नव्हतीच. खाणीचा चुरा, तुटक्या विटा, कुजकं लाकूड, जे हाताला लागेल ते ओतून वरून सपाट केलेला भराव. पाणी लागलं की खाली बसायचा. बाईंनी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की सगळं उकरून पुन्हा थराथराने दाबल्याशिवाय इथे बांधू नये. अहवाल वर गेला आणि वर्षभरात घरंही वर आली. भराव धरून ठेवायला कडेने एक उंच भिंत घातली. भिंतीवर घरांची पहिली रांग, भिंतीखाली अरुंद गल्ली.

आणि त्या पहिल्या रांगेत बाईंच्या धाकट्या बहिणीने घर घेतलं.

“घेऊ नकोस,” बाई म्हणाल्या होत्या.

“ताई, तुला मेली सगळीकडे मातीच दिसते,” बहीण हसली. “जरा खिडकीतून बघ, अख्खं शहर दिसतं.”

काही वर्षांनी बहिणीच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात तडा गेला. पुढे त्या उंच भिंतीवरही तडे दिसू लागले. बाईंनी तड्यांवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत जागची हलली की काच तडकते, इतकं ते सोपं. दर रविवारी बहिणीकडे जाताना त्या गल्लीतून जात आणि पट्ट्या पाहत. भिंतीखाली एका शिंप्याचं दुकान होतं. तो मशीन थांबवून हसायचा, “काय बाई, काच ठीक?” बाई म्हणायच्या, “आहे, आहे.” दोन वर्षांत सात पट्ट्या तडकल्या.

बाईंनी क्लबाकडे व्याख्यानाची तारीख मागितली. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, नक्की!” त्या महिन्यात पंपवाल्या कंपनीचा माणूस आला. पुढच्या महिन्यात लिफ्टवाला. मग अध्यक्षांच्या व्याह्यांनी परदेशातल्या धरणांचे फोटो दाखवले. त्यांत धरणं तीन आणि व्याही प्रत्येकात. असं करता करता चार वर्षं गेली. शेवटी एका शनिवारी ठरलेले पाहुणे आजारी पडले आणि सेक्रेटरींचा सकाळी फोन आला. “बाई, आज तुम्हीच बोलून टाका.”

सतरा माणसं होती. बाई चाळीस मिनिटं बोलल्या. आकडे सांगितले, तडकलेल्या काचांचे फोटो दाखवले. प्रोजेक्टर निळा पडला तेव्हा थांबल्या नाहीत, तोंडी सांगत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “ही भिंत पडेल. कधी, ते मला सांगता येणार नाही.”

एक कंत्राटदार उठला. “बाई, वीस वर्षं उभी आहे ती.”

“वीस वर्षं सरकते आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी मागितलं एवढंच, की क्लबाने सगळ्यांच्या सहीचं एक पत्र नगरपालिकेला द्यावं. हॉलमधल्या निम्म्या लोकांची कामं नगरपालिकेकडे अडकलेली. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, “बाईंची तळमळ पोचली. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.” तीन हात वर झाले. त्यातला एक, खिडकी लावून घ्या, असं सांगायला होता. मग चहा आला. त्या दिवशी आभार मानायचे राहूनच गेले आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं: ‘बाईंनी मातीविषयी रंजक माहिती दिली. सभा खेळीमेळीत पार पडली.’

बाईंनी एकटीच्या सहीने पत्र दिलं. पोच मिळाली. बहिणीला म्हणाल्या, “माझ्याकडे येऊन राहा.” बहीण म्हणाली, “तुझ्या दोन खोल्यांत आम्ही चौघं? आणि किती दिवस? भिंत पडेपर्यंत?”

चौदा महिन्यांनी, भर दुपारी तीनच्या सुमारास, भिंत पडली. पाऊस नाही, वारा नाही. जमिनीखालची पाण्याची नळी कुठेतरी कितीतरी दिवस झिरपत होती. शिंप्याचं दुकान ढिगाऱ्याखाली गेलं. आत तो होता आणि त्याची बायको होती. बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा बहीण रस्त्यात खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर इस्त्री. घरातून बाहेर पळताना हाताला तेवढीच लागली होती. घर उभं होतं, पण स्वयंपाकघराखालची जमीन गेली होती. अधिकाऱ्यांनी सगळ्या रांगेला सील ठोकलं.

बहीण, मेहुणे आणि दोन मुली बाईंच्या घरी राहायला आले. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता बहीण म्हणाली, “तुला माहीत होतं.”

“मी सांगितलं होतं तुला.”

“मला सांगितलंस. क्लबात भाषण केलंस, पत्र लिहिलंस. त्या शिंप्याला सांगितलंस?”

बाईंच्या हातातलं ताट हातातच राहिलं. नव्हतं सांगितलं. दर रविवारी त्याच्या दारावरून गेल्या, आणि उगाच कशाला गरिबाला घाबरवायचं, आधी वरचे लोक काय करतात ते बघू, असं म्हणून ‘आहे, आहे’ करत पुढे गेल्या. क्लबातल्या सतरा जणांवर त्यांचा राग होता. आता त्या स्वतःलाच अठराव्या वाटू लागल्या. नवऱ्याने त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

दोन महिन्यांनी सेक्रेटरींचा फोन आला. भरावाच्या जमिनींवर बोलायला बाहेरून मोठे तज्ज्ञ येणार होते. “आभार तुमचेच हं बाई!” बाईंनी दोन ओळींचा राजीनामा पाठवला. हॉल त्या दिवशी भरला होता म्हणे, खुर्च्या कमी पडल्या.

चौकशीत बाईंनी आपल्याकडची अहवालाची प्रत नेली. मूळ फाइल सापडत नव्हती. चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने प्रत चाळली आणि परत केली. “हिच्यावर आवक क्रमांक नाही हो. मी काय करू?” निष्कर्षात पाण्याच्या नळीला दोष दिला. नळी बदलली. त्याच जागी, त्याच भरावात, आणखी उंच भिंत बांधली, तिला पिवळा रंग दिला, आणि वर्षभरात घरांचं सील काढलं.

बहीण परत जायला निघाली. बाई पुष्कळ बोलल्या, रडल्याही. बहीण शांतपणे गाठोडी बांधत राहिली. “ताई, घर आहे ते. मुली मोठ्या झाल्यात, कुठवर तुझ्याकडे पडवीत झोपतील? आता काही बोलू नकोस.”

टेम्पो चढावर जाईना, म्हणून सामान खालून हातानेच न्यावं लागलं. बाईंनी पातेल्यांची पाटी उचलली. निवृत्तीला आठ महिने उरले होते, गुडघे दुखत होते. त्या दोनदा खाली-वर गेल्या आणि तिसऱ्या खेपेला मुलींची पुस्तकं घेऊन बहिणीच्या दारात पोचल्या. स्वयंपाकघरात नवी फरशी होती. बाईंनी पुस्तकं ठेवली आणि खाली वाकून फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

“चहा टाकते,” बहीण म्हणाली. “बस.”

बाई बसल्या.